लिनक्सवर ग्राफिक्स कोसळलं, तर आधी लॉग वाचा. ड्रायव्हरला हात नंतर

गेम चालू असताना, किंवा ब्राउझरमध्ये साधा व्हिडिओ बघताना स्क्रीन गोठते. आवाज एकाच तुकड्यावर अडकतो, मग सगळं काळं होतं, आणि नशीब बरं असेल तर थोड्या वेळाने लॉगिनची चौकट दिसते. त्यानंतर बहुतेक जण काय करतात? पॉवर बटण दाबून धरतात, मशीन पुन्हा चालू झालं की ड्रायव्हर काढून नव्याने टाकतात, आणि तरीही जमलं नाही तर डिस्ट्रोच, म्हणजे उबुंटू किंवा फेडोरासारखं लिनक्सचं रूपच, बदलतात. यात पुरावा पुसला जातो आणि आजार तसाच राहतो. खरं तर नेमकं काय कोसळलं हे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, बहुतेक वेळा स्वतःच लॉगमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ते वाचायच्या आधी काहीही बदलू नये, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे.

एक खुलासा. या लेखातल्या आज्ञा आणि लॉगच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आज्ञा लहान अक्षरांत.

लिनक्सवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर ही एकच वस्तू नाही. सगळ्यात खाली कार्डावरची चिप आणि तिच्यावर चालणारं फर्मवेअर, म्हणजे चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर. त्याच्या वर कर्नलमधला ड्रायव्हर: एएमडीसाठी एएमडीजीपीयू, इंटेलसाठी आय९१५ किंवा नव्या चिपांसाठी एक्सई, एनव्हिडियासाठी कंपनीचा स्वतःचा मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) किंवा मुक्त स्रोत नूव्हो. कर्नलच्या बाहेर, प्रोग्रामच्या बाजूला, ओपनजीएल आणि व्हल्कन या चित्र काढायच्या भाषा समजणारी लायब्ररी असते. एएमडी आणि इंटेलला ती मेसा प्रकल्पातून मिळते, एनव्हिडिया आपली वेगळी देते. आणि या सगळ्यावर खिडक्या एकत्र रचून पडद्यावर दाखवणारा कंपोझिटर: ग्नोममध्ये मटर, केडीईमध्ये केविन. यातला कुठलाही थर पडला तरी खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसतं एकच, काळी स्क्रीन. मेसात चूक असताना कर्नल बदलत बसलात, किंवा पॉवर सप्लाय कमी पडत असताना ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसलात, तर सगळे रविवार त्यातच जातील.

पॉवर बटणाआधी

स्क्रीन गोठली म्हणजे मशीन मेलं असं नाही. मागे संगीत चालू आहे का, डाउनलोड पुढे सरकतंय का, हे बघा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळी मजकूर-कन्सोल उघडायचा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो चांगला आहे, पण वेलँड या खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीत त्याला एक मर्यादा आहे. वेलँडमध्ये कीबोर्ड कंपोझिटरच्या हातात असतो. तोच अडकलेला असेल तर ही कळ त्याच्यापर्यंत पोहोचून तिथेच थांबते. कॅप्स लॉकच्या दिव्याचंही तसंच. दिवा पेटत नाही म्हणून कर्नल गेला असा निष्कर्ष काढू नका.

भरवशाची खूण एकच: दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून उघडलेल्या टर्मिनलने, आत जाता येतं का. दुसरा संगणक नसेल तर फोनवरचं टर्मक्स हे टर्मिनल ॲप पुरतं. त्यासाठी एसएसएच सर्व्हर आधीच चालू केलेला हवा. डेस्कटॉप डिस्ट्रोंमध्ये तो सहसा बंद असतो किंवा टाकलेलाच नसतो, त्यामुळे मशीन धडधाकट असतानाच ही सोय करून ठेवा. आत जाता आलं, तर गोठलेल्या स्क्रीनच्या मागे काय चाललंय ते कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीएमईएसजी आज्ञेने तिथल्या तिथे वाचता येतं.

तेही जमलं नाही तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवा आणि थोडं थांबत थांबत एस, यू, बी ही अक्षरं दाबा. एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, यूने डिस्क फक्त-वाचनाच्या अवस्थेत जाते, बीने मशीन रीबूट होतं. उबुंटूत या सोयीचं मूळ मूल्य १७६ असतं आणि त्यात या तिन्ही कृतींना परवानगी आहे. हे महत्त्वाचं का? सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा जर्नल, म्हणजे नोंदवही, साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला पाच मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो. अतिगंभीर नोंद आली तरच लगेच लिहितो. पॉवर बटण दाबून मशीन बंद केलं, तर नेमक्या शेवटच्या ओळी गमावण्याची शक्यता असते, आणि आपल्याला त्याच हव्या असतात.

लॉगमध्ये काय शोधायचं

मशीन पुन्हा सुरू झालं की पहिली आज्ञा ही: जर्नलसीटीएल -के -बी -१. के म्हणजे फक्त कर्नलच्या नोंदी, बी आणि उणे एक म्हणजे या आधीच्या बूटच्या, मशीन मागच्या वेळी सुरू केलं होतं तेव्हाच्या. शेवटी जा, आणि तिथून वर वाचत या. आधीच्या बूटची नोंदच नाही असं उत्तर आलं, तर जर्नल फक्त रॅममध्ये साठवला जातोय. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर तयार करा आणि रीबूट करा. पुढच्या वेळेपासून नोंदी टिकतील.

एएमडीच्या कार्डावर सगळ्यात जास्त वेळा भेटणारी ओळ अशी असते: रिंग जीएफएक्स टाइमआउट, पुढे सिग्नल्ड सीक्वेन्स आणि एक आकडा, मग एमिटेड सीक्वेन्स आणि दुसरा आकडा. तिच्यावर थोडा वेळ घालवूया, कारण ती कळली की अर्धा विषय कळतो.

कार्डाला कामं एकेक करून दिली जात नाहीत. कर्नल ती एका रांगेत लावतो, आणि त्या रांगेलाच रिंग म्हणतात. गिरणीत दळणाचे डबे ओळीने लावलेले असतात, तसं. प्रत्येक कामाला क्रमांक असतो. एमिटेड म्हणजे रांगेत शेवटचं लावलेलं काम, सिग्नल्ड म्हणजे कार्डाने शेवटचं पूर्ण करून कळवलेलं काम. समजा सिग्नल्ड ८१५२ आणि एमिटेड ८१५४ आहे, तर कार्ड ८१५३ वर अडकलं आणि मागचं काम खोळंबलं. कर्नल ठरलेले काही सेकंद वाट बघतो. तरी उत्तर आलं नाही की जीपीयू रीसेट बिगिन अशी नोंद करून कार्डच नव्याने सुरू करायला घेतो. पुढची ओळ जीपीयू रीसेट सक्सीडेड असेल तर कार्ड सावरलं. पण त्याबरोबर व्हीरॅम इज लॉस्ट असंही आलं असेल, तर कार्डाच्या मेमरीत प्रोग्रामांनी ठेवलेलं सगळं गेलं. कार्ड वाचूनही तुमच्या खिडक्या का गेल्या, त्याचं कारण हे. रीसेटनंतर काही कंपोझिटर उभे राहतात, काही पडतात, आणि वेलँडमध्ये कंपोझिटर पडला की त्याच्या आधारावरचे बहुतेक प्रोग्रामही पडतात.

टाइमआउटच्या ओळीनंतर प्रोसेस इन्फर्मेशन म्हणून एका प्रोग्रामचं नाव येतं. लोक लगेच त्याच्या मागे लागतात. ते अडकलेलं काम ज्याच्या नावावर होतं त्याचं नाव आहे, एवढाच त्याचा अर्थ. चार वेळा क्रॅश झाला आणि चारही वेळा एकाच गेमचं नाव आलं, तर त्या गेमने मेसामधली किंवा फर्मवेअरमधली चूक उघडी पाडली असण्याची शक्यता मोठी. दर वेळी वेगळं नाव, कधी ब्राउझर, कधी कंपोझिटर, कधी काहीच न करणारा डेस्कटॉप, असं असेल तर माझा संशय कर्नलकडे, फर्मवेअरकडे किंवा थेट हार्डवेअरकडे वळतो.

एनव्हिडियाच्या लॉगमध्ये एनव्हीआरएम आणि एक्सआयडी हे शब्द शोधा. एक्सआयडीच्या पुढचा आकडा हेच निदानाचं टोक. १३ म्हणजे ग्राफिक्स इंजिनात अपवाद आला, ३१ म्हणजे कार्डाच्या मेमरीत भलत्याच पत्त्यावर हात घातला गेला. या दोन्हींत बहुधा प्रोग्राम किंवा ड्रायव्हरची चूक असते. ११९ आला तर जीएसपीने वेळेत उत्तर दिलं नाही. जीएसपी हा ट्युरिंग पिढीपासून कार्डावरच बसवलेला छोटा प्रोसेसर. ड्रायव्हरचं बरंच काम आता तो करतो. अशा वेळी ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती वापरून बघणं सयुक्तिक आहे. पण आकडा ७९ असेल, सोबत जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस असं लिहिलेलं असेल, तर ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि कॅबिनेट उघडा. त्याचा अर्थ कार्डाला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेवर कार्ड कर्नलला दिसेनासंच झालं. वीज, उष्णता, स्लॉटमधली पकड, राइजर केबल, कार्ड किंवा मदरबोर्ड यांतलं काहीतरी बिघडलंय, असं धरून चालायचं.

इंटेलचं त्या मानाने सरळ आहे. जीपीयू हँग अशी ओळ, पुढे एक सांकेतिक कोड आणि प्रोग्रामचं नाव. आय९१५ ड्रायव्हर त्या क्षणाची सविस्तर नोंद /सिस/क्लास/डीआरएम च्या खाली, कार्डाच्या फोल्डरमधल्या एरर नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. रीबूट केलं की ती जाते, तेव्हा आधी तिची प्रत काढून ठेवा.

आणि यातलं काहीच न सापडता आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस अशी ओळ सापडली, तर ग्राफिक्सचा दोष नाहीच. रॅम संपली म्हणून कर्नलने एखादा प्रोग्राम मारला, आणि तो नेमका कंपोझिटर किंवा गेम निघाला.

अपडेटनंतरची काळी स्क्रीन

कालपर्यंत सगळं ठीक, आज अपडेट केलं आणि बिघडलं, ही तक्रार एनव्हिडियावाल्यांची जास्त असते. त्याला कारण आहे. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. एनव्हिडियाचा मॉड्यूल बाहेरून येतो. बऱ्याच डिस्ट्रोंत कर्नल बदलला की तो तुमच्याच मशीनवर नव्याने बांधावा लागतो. डीकेएमएस किंवा फेडोरावर एकेमॉड्स हे काम करतात. फेडोरावर अपडेट संपल्या संपल्या रीबूट केलं, तर ही बांधणी अर्ध्यावर तुटू शकते. पाच मिनिटं थांबायला काही जात नाही.

इथे एक संदेश ओळखून ठेवण्यासारखा आहे. कार्डाची स्थिती दाखवणारं एनव्हिडिया-एसएमआय चालवलं आणि ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच असं उत्तर आलं, की अनेक जण घाबरून सगळं पुसून टाकतात. काहीही पुसू नका. अपडेटने डिस्कवर नवी लायब्ररी आणली, पण मेमरीत मॉड्यूल अजून जुनाच चालतोय. /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन या फाइलमध्ये मेमरीतली आवृत्ती दिसेल, मॉडइन्फो एनव्हिडिया या आज्ञेने डिस्कवरची. दोन आकडे वेगळे दिसले की रीबूट करा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. रीबूटनंतरही वेगळे राहिले, तर बहुधा मशीनवर दोन ठिकाणांहून ड्रायव्हर आलेत: एक डिस्ट्रोच्या पॅकेजातून, दुसरा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रन फाइलमधून. माझं मत स्पष्ट आहे. घरच्या डेस्कटॉपवर ती रन फाइल वापरू नये. पॅकेज मॅनेजरला तिची खबर नसते, आणि पुढच्या कुठल्या तरी अपडेटमध्ये दोघांची टक्कर ठरलेली. ती टाकलेलीच असेल, तर तिच्याच अनइन्स्टॉल पर्यायाने काढा आणि मग डिस्ट्रोचं पॅकेज घ्या.

सेक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर मशीन सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर आणखी एक अडसर. तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर सही लागते, आणि त्या सहीची चावी फर्मवेअरकडे नोंदवावी लागते. इन्स्टॉलच्या वेळी पासवर्ड विचारला जातो, पुढच्या रीबूटला निळ्या पडद्यावर एनरोल एमओके असा पर्याय येतो. तो पडदा थोडा वेळच थांबतो. न वाचता पुढे गेलात की मॉड्यूल चढतच नाही, आणि की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस असा नकार मिळतो. सेक्युअर बूटची स्थिती मॉकयूटिल --एसबी-स्टेट ने कळते.

जुन्या कार्डवाल्यांनी आवृत्तीकडे खास लक्ष द्यायला हवं. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० यांसारखी कार्डं आजही खूप मशीनमध्ये आहेत. ही पास्कल पिढी. एनव्हिडियाने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा जाहीर केली आहे. केप्लर त्याआधीच ४७० वर थांबलं. शिवाय मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नल मॉड्यूलचा मुक्त स्रोत खुला केला, तो ट्युरिंग आणि त्यापुढच्याच कार्डांना चालतो. त्यामुळे नावाच्या शेवटी ओपन असलेलं पॅकेज पास्कलवर टाकलंत, तर कार्ड ओळखलंच जाणार नाही. उलट आरटीएक्स ५० मालिकेला तोच मुक्त मॉड्यूल लागतो. कार्डाची पिढी आधी बघा, आवृत्ती मग ठरवा.

स्क्रीनच येत नसेल तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, पण आत जाता येईल. हा फक्त दुरुस्तीपुरता दरवाजा आहे, कायमचा ठेवू नका, कारण त्यात कार्डाचा खरा ड्रायव्हर कामच करत नाही. त्याहून मोलाची सोय ग्रबमध्येच आहे: जुना कर्नल. उबुंटूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली आधीचा कर्नल असतो, फेडोरा साधारण तीन ठेवतो. जुन्या कर्नलवर तोच गेम, तीच सेटिंग, तेवढाच वेळ चालवा. तिथे टिकला आणि नव्यावर पडला, तर तुम्ही दोष जवळजवळ पकडलात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. कर्नल, मेसा आणि लिनक्स-फर्मवेअर एकदमच मागेपुढे केलं, तर बरं वाटलं तरी कशामुळे ते कळणार नाही.

लॅपटॉप झोपेतून उठताना काळा पडत असेल, तर ती वेगळी वाट आहे. एनव्हिडियावर झोपण्याआधी कार्डाची मेमरी कुठेतरी उतरवून ठेवावी लागते. त्यासाठी एनव्हिडिया-सस्पेंड आणि एनव्हिडिया-रिझ्यूम या सेवा चालू हव्यात, आणि व्हिडिओ मेमरी जपण्याचा मॉड्यूल पर्याय १ वर हवा. ही मेमरी मूळ सेटिंगनुसार /टीएमपी मध्ये जाते. अनेक डिस्ट्रोंत /टीएमपी स्वतःच रॅममध्ये असतं, आणि तिथे जागा कमी पडली की उठणं फसतं. जागा /व्हार/टीएमपी कडे वळवता येते. इंटेल लॅपटॉपवर स्थिर चित्रात स्क्रीन लुकलुकत किंवा गोठत असेल, तर कर्नलच्या ओळीत आय९१५.एनेबल_पीएसआर=० लावून बघा. त्याने पॅनेल स्वतःच चित्र धरून ठेवण्याची वीजबचत बंद होते.

कॅबिनेट उघडायची वेळ

सॉफ्टवेअरवाल्यांचा या भागाकडे कल कमी असतो, आणि नेमका इथेच बराच वेळ वाया जातो. आधुनिक कार्ड क्षणार्धासाठी आपल्या नेमून दिलेल्या वॉटेजपेक्षा खूप जास्त वीज ओढतं. हे इतकं नेहमीचं झालं की २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात नव्या जोडणीच्या पॉवर सप्लायने क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद पेलावा अशी अट आली. जुना किंवा स्वस्तातला सप्लाय अशा झटक्याला मान टाकतो, आणि कार्ड कर्नलला दिसेनासं होतं. कार्डाला दोन जोडण्या असतील तर एकाच केबलच्या दोन तोंडांऐवजी सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल द्या. कार्ड काढून स्लॉट साफ करा, पुन्हा घट्ट बसवा. जड कार्ड खाली झुकलं असेल तर टेकू द्या.

मग एक साधी चाचणी. एनव्हिडिया-एसएमआय -पीएल आणि पुढे वॉटचा आकडा देऊन कार्डाची वीजमर्यादा वीसेक टक्क्यांनी उतरवा. ज्या कामात मशीन पडायचं, तेच काम तासन्‌तास चालवून बघा. पडणं थांबलं तर सप्लाय किंवा कार्ड यांच्यावरचा संशय पक्का होतो. लॅपटॉपवर ही मर्यादा बऱ्याचदा बदलता येत नाही.

एएमडीच्या कार्डाचं तापमान सेन्सर्स या आज्ञेने कळतं. तीन आकडे दिसतात: एज, जंक्शन आणि मेमरी. जंक्शन हा चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू, तो ११० अंशांपर्यंत चालतो असं एएमडीचंच म्हणणं आहे, त्यामुळे ९५ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, कूलरची दमट हवा आणि धूळ थेट कॅबिनेटमध्ये जात असेल, तर हिवाळ्यात निर्धास्त चालणारं मशीन उन्हाळ्यात पडू शकतं. फक्त ठरावीक ऋतूत येणारा क्रॅश मी ड्रायव्हरच्या खात्यावर टाकणार नाही.

रॅमही तपासा. बायोसमधली रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग बंद करून मूळ वेगावर एक-दोन दिवस काढा, आणि रात्रभर मेमटेस्ट८६+ चालू ठेवा. खराब रॅममुळे ड्रायव्हरच्या डेटात घाण जाते आणि लॉगमध्ये नाव मात्र ग्राफिक्सचं येतं.

एवढं करूनही दोष सॉफ्टवेअरचाच निघाला, तर तो कळवा. एएमडीच्या कर्नल ड्रायव्हरसाठी आणि मेसासाठी फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या गिटलॅब संकेतस्थळावर जागा आहे. एनव्हिडियासाठी एनव्हिडिया-बग-रिपोर्ट ही स्क्रिप्ट सगळी माहिती एका फाइलमध्ये बांधून देते. लॉगचा एक स्क्रीनशॉट लावून भागत नाही. त्या बूटचा कर्नल लॉग सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या, कारण पडण्याआधीच्या दहा मिनिटांतली एखादी किरकोळ वाटणारी पीसीआय एररसुद्धा कामाची असते. सोबत कार्डाचं मॉडेल, कर्नल, मेसा आणि फर्मवेअरच्या आवृत्त्या, वेलँड की जुनं एक्स११, मॉनिटर किती आणि कुठल्या रिफ्रेश दराचे, आणि कोणती कृती केली की हमखास पडतं. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो शेवटचा चांगला चाललेला आणि पहिला बिघडलेला कर्नल या जोडीचा. ती दिलीत, तर विकासकांना मधल्या बदलांची गिट बायसेक्टने निम्मी-निम्मी छाटणी करत थेट दोषी बदलापर्यंत जाता येतं, आणि तयारी असेल तर ती छाटणी तुम्हालाही करता येते.